आजोबांची मेडलं: आधी कड वाचा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक आजी दुकानात आल्या. सातारा तालुक्यातल्याच. ओच्यातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर ठेवली. आत काळीठिक्कर पडलेली गोल चकती, वर आडवी दांडी. फीत कधीच कुजून गेलेली. म्हणाल्या, "सासऱ्यांच्या वडलांचं हाय. चांदी हाय म्हनून ठिवलं. मोड घाला आन् नातीला पैंजण करा."

आमच्या घरात सोनारकी तीन पिढ्यांची. माझ्या वडिलांनी हे बोलणं किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. १९८० च्या सुमाराला चांदीचा भाव कडाडला, तेव्हा मी आठवीत होतो आणि शाळेतून आल्यावर भाता मारायला बसायचो. गावागावांतून बिल्ले यायचे. वडील दांडी कापायचे, चकती मुशीत टाकायचे, राजाचा चेहरा मऊ पडायचा आणि बघता बघता चांदीचं पाणी व्हायचं. आणणाऱ्याला पैशांची नड होती, वडिलांनी तोलून रास्त पैसे दिले, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या प्रत्येक बिल्ल्याच्या कडेवर एका माणसाचं नाव ठोकलेलं होतं आणि आम्ही कुणीही, एकदाही, ते वाचलं नाही. ही गोष्ट मला आजही टोचते. गेली वीसेक वर्षं मी मेडलं ओळखतो, जमवतो, लोकांना वाचून दाखवतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, नगर या पट्ट्यात ज्या घरातलं कुणी फौजेत होतं त्या घरात अजूनही एखादं मेडल सापडतं. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. तुमच्या ट्रंकेत, देव्हाऱ्यात, धान्याच्या कणगीमागे काही सापडलं तर पुढे काय करायचं ते सांगतो.

घासू नका

चिंच नको, राख नको, रांगोळी नको, टूथपेस्ट नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. तो काळा थर घासून काढला की त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते, आणि जाते ती उंचवट्यावरची, म्हणजे राजाचं नाक, घोड्याची मान आणि अक्षरांच्या धारा. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर मेडलं लखलखीत करून पूजेला मांडायची रीत काही घरांत आहे. भावना फार चांगली. पण सत्तर-ऐंशी खंडेनवम्या झालेल्या मेडलावरचा घोडा मी बोटाने चाचपून पाहिला आहे. नुसता गुळगुळीत गोटा राहिला होता.

कसोटीच्या दगडावरही घासू नका, हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एक बिल्ला चांदीचा आहे का हे बघायला मी हाताच्या सवयीने त्याची कड दगडावर ओढली. चांदी खरी निघाली. पण कड उजेडात धरली तेव्हा कळलं की मी नंबरातले शेवटचे दोन आकडे पुसले होते. त्या नावाचे त्या पलटणीत अनेक जण असू शकतात, नंबर मात्र एकाचाच असतो. तो माणूस पुन्हा नेमका सापडला नाही.

माती चिकटली असेल तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि लहान मुलाचा मऊ ब्रश, एवढंच. टिपून घ्या, सावलीत पूर्ण सुकवा. बस.

कड वाचायची ती अशी

लागतं काय? दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोबाईलचा टॉर्च, मऊ पेन्सिल, पातळ कागद आणि शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपर.

बिल्ला उभा धरा, चेहरा तुमच्याकडे. टॉर्च समोरून मारू नका, कडेला समांतर, अगदी तिरपा मारा. अक्षरांच्या खळग्यात सावली पडते आणि मेलेली अक्षरं उठून दिसतात. तरी वाचता आलं नाही तर पातळ कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. लहानपणी वहीत नाण्याचा ठसा उठवायचो, तसंच. जे दिसेल ते अक्षर न अक्षर वहीत उतरवा. अंदाजाने पूर्ण करू नका. न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या.

पहिल्या महायुद्धाच्या मेडलावर ओळ या क्रमाने येते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ठशांनी ठोकलेलं. हुद्दा सिपॉय, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, किंवा त्यांची आखूड रूपं. नाव वाचताना डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवा. भरतीच्या टेबलावरच्या कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. त्यामुळे शिंदे हे 'एस-आय-एन-डी-ए-वाय' होतात, पवारांचे पोवार होतात, जाधवांच्या शेवटी कधी 'व्ही' येतो तर कधी नुसता 'ओ'. मोठ्याने वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर वाचा. कागदावर न पटलेलं नाव ऐकल्यावर त्यांना लगेच ओळखू येतं, हे मी कितीदा तरी अनुभवलं आहे.

आता पलटणीचा आकडा. इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९०३ मध्ये हिंदी फौजेच्या पलटणींना नव्याने आकडे दिले आणि मुंबईकडच्या जुन्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले. पाचवीची झाली एकशे पाचवी. तिलाच फौजी माणसं आजही 'काली पांचवी' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांवर आपल्याकडे जे आकडे सापडतात ते १०३, १०५ आणि ११०, या तिन्ही मराठा लाइट इन्फंट्री, आणि ११४, ११६, ११७, या नुसत्या मराठाज. १९२२ मध्ये या सगळ्या एका रेजिमेंटखाली आणल्या, तिचं नाव पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, आणि ११४ ची दहावी, म्हणजे शिक्षणाची बटालियन. म्हणून कडेवर '१०५' असेल आणि दुसऱ्या मेडलावर '२-५', म्हणजे पाचवी मराठाची दुसरी बटालियन, असेल तर दोन वेगळे माणूस समजू नका. एकाच माणसाची एकच पलटण, मधे १९२२ साल गेलं इतकंच. मराठाचं स्पेलिंगही तेव्हा 'एमएएच' पासून सुरू व्हायचं, ते बघून कुणी चुकीचं मेडल आलं म्हणून घाबरू नये.

'३ एस. अँड एम.' असेल तर ते सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे फौजेचे इंजिनिअर, खडकीचे मुंबई सॅपर्स. '१११ महार्स' असं दिसलं तर फार जपून ठेवा. ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली, त्यामुळे तिची मेडलं मुळातच थोडी. आजची महार रेजिमेंट वेगळी, ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली.

चेहरा आणि पाठ

चेहऱ्यावर राजा कोण ते बघितलं की काळ ठरतो. व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, त्यानंतर सहावा जॉर्ज. पाचवा जॉर्ज दाढीवाला, सहावा सफाचट. खेड्यात दोघांनाही 'पंचम जॉर्ज' म्हणतात, तेवढ्यावर जाऊ नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतं ते ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं, वजनाला अडीच ते पावणेतीन तोळे. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला उघड्या अंगाचा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, बाजूला १९१४ आणि १९१८. फीत मधे रुंद नारिंगी, मग दोन्हीकडे पांढरी, काळी आणि कडेला निळी. वरची दांडी सरळ आणि पक्की असते, फिरत नाही.

हेच मेडल काशाच्या रंगाचं मिळालं तर ते खोटं समजून टाकू नका. मजूर तुकड्या, हमाल, फौजेबरोबरचे सेवक यांना चांदीऐवजी ब्रॉन्झचं दिलं, सुमारे १ लाख १० हजार. त्याच युद्धात, त्याच उन्हात काम केलं आणि धातू वेगळा मिळाला. मोडीला त्याची किंमत नव्हती, म्हणून ती वितळली नाहीत, पण किंमत नव्हती म्हणूनच फेकलीही गेली. माझ्याकडे असं एक आहे. संग्रहातल्या चांदीच्या सगळ्या मेडलांपेक्षा माझा जीव त्याच्यावर जास्त आहे.

त्याचा जोडीदार व्हिक्टरी मेडल. ब्रॉन्झचं, पंखवाली देवी, वर कडी, फीत दोन इंद्रधनुष्यं एकमेकांना चिकटवल्यासारखी. तिसरा १९१४-१५ चा तारा, चार टोकांचा, दोन तलवारी एकमेकींवरून गेलेल्या. ताऱ्यावरचं नाव कडेला नसतं, सपाट पाठीवर असतं. फक्त '१९१४' लिहिलेला तारा फ्रान्स-बेल्जियममध्ये त्या वर्षी लढलेल्यांसाठी. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेलेल्यांना तो नाही, मग भलेही ते नोव्हेंबर १९१४ मध्ये तिथल्या फाव बंदरावर पहिल्या दिवशी उतरलेले असोत.

या तिघांचा एक नियम आहे आणि तो पाठ करून ठेवावा. वॉर मेडल एकटं मिळू शकतं. व्हिक्टरी एकटं कधीच दिलेलं नाही, त्याच्याबरोबर वॉर मेडल असतंच. आणि ज्याला तारा मिळाला त्याला उरलेली दोन्ही मिळाली. म्हणजे घरात नुसता तारा सापडला तर अजून दोन कुठेतरी होती, एवढं नक्की.

त्या आजींच्या चकतीवर मी तिरपा टॉर्च मारला, तर अक्षरं उठली: नंबर, सिपॉय, नाव, ११७ मराठाज. मी नाव मोठ्याने वाचलं. आजी काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "नाव हाय व्हय त्याच्यावर?" लग्न होऊन साठ वर्षं त्या घरात, आणि बिल्ल्यावर नाव आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, "आजी, घरात असा आणखी काही धातू आहे का? चांदणीसारखा?" त्या म्हणाल्या, "देव्हाऱ्यात एक तारा हाय. टाकांच्या संगं."

महायुद्धांच्या मधली मेडलं बहुतेक वायव्य सरहद्दीची, इंग्रजीत आखूड रूप 'एनडब्ल्यूएफ'. इंडिया जनरल सर्व्हिस मेडल, १९०८ ते १९३५ चं, पाठीवर जमरूदचा किल्ला, फीत हिरवी आणि मधे रुंद निळा पट्टा. त्याच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, त्यावर मोहिमेचं नाव: 'अफगाणिस्तान एनडब्ल्यूएफ १९१९', 'वझिरिस्तान १९२१-२४', 'मलबार १९२१-२२' वगैरे, एकूण बारा प्रकारच्या. याच्या कडेवरची नावं कधी ठोकलेली, कधी वळणदार अक्षरांत कोरलेली असतात. दोन्ही खरी.

एका घरी मला फारसी अक्षरांचं चांदीचं मेडल दाखवलं आणि घरच्यांनी सांगितलं की हे पणजोबांना मोगल बादशहाने दिलं. पणजोबा १९४० मध्ये वारलेले. ते १९११ च्या दिल्ली दरबाराचं मेडल होतं. त्याच्या एका बाजूला राजाराणी, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर असतो. कडेवर नाव नसतं. घरच्यांना आधी वाईट वाटलं. मग मी त्यांना सांगितलं, की दरबाराची मेडलं पलटणीत निवडक लोकांनाच मिळाली, सगळ्यांना नाही. तेव्हा त्यांनी ते पुन्हा मखमलीत गुंडाळलं.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे, पिवळसर धातूचे, मधे राजाची आद्याक्षरं आणि भोवती नाव: बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार. इटलीची फीत लाल-पांढरी-हिरवी, त्यांच्या झेंड्याचे रंग. या युद्धाच्या वॉर मेडलवर सिंह दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा. इंडिया सर्व्हिस मेडलवर हिंदुस्थानचा नकाशा. ब्रिटिश सैनिकांना ही कोरीच दिली. माझ्या हातून गेलेल्यांतली बरीच कोरी होती, काहींवर नाव होतं. कोऱ्या मेडलाचा माणूस त्याच्याबरोबरच्या कागदांतच सापडतो, म्हणून डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, जुनं पाकीट यातलं काहीही मेडलापासून वेगळं करू नका. स्वातंत्र्यानंतरच्या मेडलांवर, म्हणजे समर सेवा, रक्षा, पश्चिमी, पूर्वी स्टार, संग्राम, यांच्यावर मात्र नंबर आणि नाव असतं. ती ओळखणं सोपं.

शौर्यपदकांबद्दल थोडक्यात. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट १८३७ पासूनची, आठ टोकांचा तारा, मधे निळा मिना; फीत गडद निळी आणि कडा किरमिजी. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल १९०७ पासूनचं. फीत बरोबर उलट, कडा निळ्या आणि मध किरमिजी. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना १९११ पासून खुला झाला. तो मराठा पलटणींत यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी मिळाला, दोन्ही इटलीत. जुन्या बाजारात कुणी तुम्हाला व्हिक्टोरिया क्रॉस दाखवला तर तो खरा नाही, असं समजूनच पुढे चला.

खोटं कसं पकडायचं

हा भाग माझ्या धंद्यातला. खोटं दोन तऱ्हेचं असतं. एक, मेडलच बनावट. दुसरं, मेडल खरं पण नाव खोटं. दुसरं जास्त वाईट, कारण त्यात एक खरा माणूस पुसला जातो.

बनावट मेडल बहुधा साच्यात ओतलेलं असतं. खरं मेडल ठशाने दाबून पाडलेलं असतं. ओतीव कामात भिंगाखाली बारीक बारीक छिद्रं दिसतात, विशेषतः अक्षरांच्या बुडाशी. घोड्याच्या आयाळीचे केस वेगवेगळे न दिसता लोण्यात बोट फिरवल्यासारखे दिसतात. कडेभोवती कुठेतरी साच्याचा जोड असतो, तो कानशीने काढलेला असतो आणि कानशीच्या आडव्या रेघा राहतात. ओतलेली वस्तू गार होताना आकसते, म्हणून व्यास थोडा कमी भरतो. व्हर्नियर लावा. ३६ च्या जागी ३५ आणि वर काही भरलं तर हात आखडता घ्या.

नाव बदललेलं ओळखायचं तर कडेवर लक्ष ठेवा. आधीचं नाव कानशीने उतरवावं लागतं, म्हणजे कड तेवढी बारीक होते. एकाच जागी मोजू नका, फिरवत फिरवत सहा-सात ठिकाणी मोजा. नाव असलेल्या बाजूला माप कमी आणि उरलेल्या बाजूला पुरं, असं आलं की समजा. अंगठ्याचं नखही कडेवरून फिरवा, सपाट जागेत खोलगटपणा लागतो. आणखी एक खूण म्हणजे सगळं मेडल काळं आणि कड मात्र उजळ. मग ठोकलेल्या अक्षरांचं वळण बघा. सरकारी ठशांची अक्षरं एका उंचीची, एका रेषेत. हाताने एकेक ठोकलेली नाचतात.

दांडीच्या मुळाशी डाग लावलेला आहे का तेही बघा. खऱ्या मेडलाचीही दांडी तुटून पुन्हा जोडलेली असते, आपल्याकडे तर बायकांनी मेडलाला कडी लावून पोतेत ओवलेलं मी पाहिलं आहे. ते खोटं नव्हे, ती त्या मेडलाची हकिकत आहे. ती पुसू नका.

पट्ट्या मात्र जोडता येतात, म्हणून पट्टी आणि पलटण यांचा मेळ बसतो का हे तपासा. सगळ्यात जास्त सावधपणा आर्मी ऑफ इंडिया मेडलपाशी हवा. हे १८५१ मध्ये दिलं, १७९९ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी, आणि तेही तोपर्यंत जिवंत असलेल्यांनाच. त्याच्या पट्ट्यांवरची नावं आपल्या इतिहासातली: असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. मराठी राज्य बुडालं त्या लढायांची ही मेडलं. म्हणून आपल्या लोकांना ती हवीशी वाटतात, आणि हे ओळखून विकणारे बनावट आणतात. मोठ्या संस्थेच्या लिलावातली पावती आणि हस्तांतराची साखळी असल्याशिवाय घेऊ नका.

फितीवरून मेडल खरं-खोटं ठरवू नका. फिती कुजतात, बदलतात. अतिनील दिव्याखाली पांढरा पट्टा निळसर चमकला तर धागा अलीकडचा, एवढाच त्याचा अर्थ.

घेताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, नाण्यांची प्रदर्शनं, या जागा तुम्हाला माहीत असतीलच. मी एक पथ्य पाळतो. घरातून आलेलं मेडल मी मोडीच्या भावात घेत नाही, आधी कड वाचून दाखवतो आणि मगच विचारतो, विकायचं का. दहातले सात जण परत घेऊन जातात. संग्रह लहान राहतो, राहू दे.

तीन मेडलांचा संच एकाच माणसाचा असेल तर तो फोडू नका. विकणारा म्हणतो, चांदीचं तेवढं घ्या, बाकी पितळ आहे. बाकीचंही घ्या. एकदा वेगळी झालेली भावंडं पुन्हा भेटणं जवळजवळ अशक्य असतं.

कायद्याचं एक ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरातन ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांनी शंभरी ओलांडली आहे. परदेशातला नातेवाईक मागतो म्हणून कुरिअर करू नका, फोटो पाठवा.

माणूस शोधणं

नंबर, नाव, पलटण हातात आली की पहिलं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी बघा. त्यात युद्धात वारलेल्यांची नावं, इंटरनेटवर फुकट. आडनावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा, आणि जमत नसेल तर नुसत्या नंबराने. मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसरा स्मारक, ब्रह्मदेशासाठी रंगून स्मारक, इटलीसाठी कासिनो. खडकीचं युद्धस्मारक तर आपल्या दाराशीच आहे. घरात मोठी, पुरणपोळीच्या पोळपाटाला शोभेल अशी ब्रॉन्झची जड चकती असेल, देवी आणि सिंह असलेली, १२० मिलिमीटरची, तर तो माणूस पहिल्या युद्धात गेला. ती वारसांना दिलेली. तिच्यावर नाव उठावाच्या अक्षरांत असतं आणि हुद्दा नसतो, कारण मेल्यावर सुभेदार आणि शिपाई एकच.

मग गावात जा. चावडीपाशी, देवळाच्या ओट्यावर संगमरवरी पाटी आहे का बघा: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, इतके कामी आले. पाटीवर नावं नसतात, पण आकडा असतो. मराठा पलटणींसाठी बेळगावचं रेजिमेंटल सेंटर, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातल्या सागरचं, सॅपर्ससाठी खडकीचं. पत्र लिहिताना मेडलाच्या कडेचा फोटो जोडा आणि माजी सैनिकाला बरोबर घ्या. फौजेची भाषा फौजीला लवकर कळते.

आजींच्या माणसाचं नाव वारलेल्यांच्या यादीत नव्हतं. म्हणजे तो परत आला होता.

जपणूक

आपल्याकडचा पावसाळा मेडलांचा वैरी. रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतो आणि चांदीवर काळा पट्टा कायमचा उठतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून चिकट द्रव सुटतो आणि ब्रॉन्झवर हिरवा कळंक चढतो. वर्तमानपत्रातही नको. धुवून मऊ झालेला पांढरा सुती कपडा, घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आषाढ संपला की पुड्या बदलायच्या. मेडलं एकमेकांवर आपटणार नाहीत अशी वेगवेगळी गुंडाळा. प्रत्येकाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कडेवरचा मजकूर मराठीत, तो माणूस तुमचा कोण, आणि कुणाकडून आलं. घरातल्या पुढच्या माणसाला इंग्रजी ठसे वाचता येतील असं धरून चालू नका.

आठ दिवसांनी आजी नातवाबरोबर पुन्हा आल्या आणि तारा घेऊन आल्या. त्याच्यावर हळदकुंकवाचा इतका जाड थर होता की तलवारी बुजून गेल्या होत्या. पुढची बाजू मी हातही न लावता तशीच ठेवली. पाठीवर थोडं डिस्टिल्ड पाणी सोडलं, मऊ ब्रश फिरवला, टिपलं, टॉर्च तिरपा धरला. तोच नंबर. १९१५ संपायच्या आत हा माणूस मेसोपोटेमियात पोचला होता. ११७ मराठाज डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी होती आणि शेवटी वेढ्यातले सगळे मिळून सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले. तो त्यांत होता का, हे मेडल सांगत नाही. पण आजी म्हणाल्या, सासरे सांगायचे, आमच्या बापाने घरात कधी भाकरीचा तुकडा टाकू दिला नाही, खरकटं असलं तरी.

चकतीला मी ३२ मिलिमीटरची नवी फीत लावून दिली, नारिंगी मधे, निळ्या कडा. नातवाने चिठ्ठी लिहिली, आजींनी सांगितली तशी. पैंजणांसाठी दुसरी चांदी घेतली. तारा परत देव्हाऱ्यात गेला, टाकांच्या शेजारी.